बोट संध्याकाळी सुटते: खान्देशातून क्रूझला निघालेल्यांसाठी अ‍ॅक्रोपोलिसच्या एका दिवसाचा हिशेब

आताशा जळगाव-भुसावळ, अमळनेर, धुळे, शहादा या पट्ट्यातून भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर जाणारे गट दिसू लागले आहेत. निवृत्त शिक्षक, बँकेतून मोकळी झालेली मंडळी, केळीला बरा भाव मिळाला त्या वर्षी मनावर घेतलेले बागायतदार, आणि सोबत एखादी विहीण, एखादी आत्या. विमान, बोट, खोली, जेवण हे सगळं टूरवाला पाहतो. घोळ होतो तो बंदराच्या दिवशी. बोट सकाळी अथेन्सच्या पिरेयस बंदराला लागते, संध्याकाळी सुटते, आणि मधल्या आठ-दहा तासांत अडीच हजार वर्षांपूर्वीचं अ‍ॅक्रोपोलिस, म्हणजे टेकडीवरची प्राचीन ग्रीक मंदिरं, पाहायचं असतं. तेही आपल्याच बोटीतल्या दोन-तीन हजार माणसांबरोबर. शेजारी आणखी दोन बोटी लागल्या असतील, तर त्यांच्याही.

मुक्ताईच्या यात्रेला माणूस पहाटेपासून रात्रीपर्यंत येतच असतो. बोटीची गर्दी तशी येत नाही. नाश्ता, उतरणं, बस, दरवाजा असं तिचं ठरलेलं वेळापत्रक असतं, त्यामुळे ती सकाळी नऊ-साडेनऊपासून दुपारपर्यंत एकाच वाटेवर, एकाच दिशेने कोंडते. तिला चुकवायचं तर तास-अर्धा तास इकडेतिकडे सरकायचं आणि शक्य तिथे उलट्या बाजूने चालायचं. पुढचा सगळा आराखडा एवढ्यावरच उभा आहे.

बुकिंगच्या आधी बंदर बघा

माहितीपत्रकात ‘रोम’ छापलेलं असतं. बोट मात्र चिवितावेक्किया नावाच्या बंदराला लागते आणि तिथून रोम सुमारे ८० किलोमीटर. जळगाव-धुळ्यापेक्षा थोडंसंच कमी. पिरेयसहून अ‍ॅक्रोपोलिस दहा-बारा किलोमीटर आहे, तुर्कस्तानातल्या कुशादासीहून एफेसस हे प्राचीन शहर वीसेक, इटलीतल्या नेपल्सहून पॉम्पेई हे प्राचीन शहर पंचवीसेक. बोट बंदरात किती तास आहे ते पाहायचं, त्यातून उतरण्याचा दीड तास, परतीच्या धास्तीचा एक तास आणि जाण्यायेण्याचा वेळ वजा करायचा. हातात चार तासही उरत नसतील तर स्वतःच्या जिवावर जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

व्हिसाची एक गोष्ट टूरवाल्याकडून लेखी घ्या. ग्रीस आणि इटली शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, तुर्कस्तान नाही. बोट ग्रीसहून कुशादासीला जाऊन पुन्हा ग्रीसला येणार असेल, तर तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडून परत आत शिरता. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा तिथेच संपतो. म्हणून अनेकदा प्रवेशाचा व्हिसाच मागायचा. हातात वैध शेंगेन, अमेरिकी किंवा ब्रिटिश व्हिसा असलेल्या भारतीयांना तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळू शकतो, पण तो लागणार की नाही हे क्रूझ कंपनीलाच विचारा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. त्याच्याच कागदांत ‘बोट चुकल्यास’ काय मिळतं, तेही वाचून ठेवा.

बोटीची सहल की आपली आपण

बोटीवरची सहल महाग असते, बसमध्ये चाळीस माणसं असतात, आणि बस बरोबर गर्दीच्या वेळीच दारात पोचते. तिचा फायदा एकच, पण तो मोठा आहे. बोटीने विकलेल्या सहलीची बस अडकली तर बोट थांबते, नाहीतर कंपनी तुम्हाला पुढच्या बंदरापर्यंत पोचवते.

इथे आपल्याकडच्या गटांची समजूत बहुधा चुकते. पुण्या-मुंबईच्या टूर कंपनीने बंदरावर उभी केलेली स्वतंत्र बस म्हणजे बोटीची सहल नव्हे. त्या बसमध्ये तुमचा टूर मॅनेजर असला, कंपनीचा झेंडा असला, तरी बोटीच्या लेखी तुम्ही स्वतःहून बाहेर पडलेले प्रवासीच. तुमच्यासाठी कॅप्टन थांबणार नाही.

माझा कौल असा: रोमला बोटीची बस घ्या. एफेससला सहा-आठ जणांनी मिळून व्हॅन आणि स्थानिक गाईड ठरवा. अथेन्सला चालणारी माणसं असतील तर आपले आपण जा. गटातल्या एकाचा गुडघा कुरकुरत असेल तरी अथेन्स जमतं, फक्त मेट्रोऐवजी टॅक्सी धरायची.

तिकीट

सप्टेंबर २०२३ पासून अ‍ॅक्रोपोलिसवर दिवसाला २० हजार माणसांची मर्यादा आहे आणि प्रत्येक तिकिटावर प्रवेशाचा तास छापलेला असतो. त्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी ते पंधरा मिनिटं नंतर, एवढीच मोकळीक. एप्रिल २०२५ पासून तिकीट ३० युरो झालं आणि अनेक ठिकाणांचं मिळून जे एकत्र तिकीट मिळायचं ते बंद झालं. एसटीसारखी ज्येष्ठांची सवलत तिथे गृहीत धरू नका.

तिकीट ग्रीसच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. इंटरनेटवर शोधलं की आधी दलालांची पानं येतात, दामदुप्पट घेतात आणि वर ‘रांग टाळा’ म्हणतात. सुरक्षा तपासणीची रांग कुणालाच टळत नाही. तिकीट काढून ठेवलं आणि वाऱ्यामुळे बोट बंदरात आलीच नाही, तर पैसे गेले असं समजायचं. पण तिकिटाशिवाय जाऊन दुपारी दोनचा तास हाती लागण्यापेक्षा ते परवडलं.

तास कोणता घ्यावा? दरवाजा सकाळी आठला उघडतो. बोट सहाच्या सुमारास लागणार असेल तर आठचाच. सातला लागणार असेल तर नऊचा. दहाचा आणि अकराचा तास डोळे झाकून टाळा.

रंगीत तालीम अजिंठ्याला

आपल्याला एक सोय आहे जी पुणेकरांना नाही. जळगावपासून साठेक किलोमीटरवर अजिंठा आहे. जिल्हा भले संभाजीनगरचा, पण पाहुणे आले की त्यांना तिथे नेणं आपल्याच अंगवळणी पडलेलं. निघण्याआधी महिनाभर तरी सगळ्या गटाने एकदा तिथे जायचं, तेही मुद्दाम गर्दीच्या दिवशी, म्हणजे रविवारी किंवा नाताळच्या सुट्टीत. सोमवारी लेणी बंद असतात.

गाड्या फर्दापूरच्या टी-पॉइंटला लावायच्या, तिथून लेण्यांची बस धरायची. बसमधून उतरताना एकाने मोठ्याने सांगायचं, ‘बरोबर तीन वाजता इथेच.’ आणि मग काय होतं ते पाहायचं. तीनला चार माणसं असतात. नाना उसाच्या रसाजवळ सापडतात. आक्का दुकानात स्फटिकाचे दगड विकणाऱ्या पोऱ्याशी घासाघीस करत असतात आणि हाक मारली की, ‘तुम्ही चाला पुढे, मी येस.’ कुणीतरी स्वच्छतागृहाच्या रांगेत, आणि त्याला शोधायला गेलेला आणखी एक जण तिसरीकडेच. तीन वाजल्यापासून शेवटचं माणूस येईपर्यंत किती मिनिटं गेली ते लिहून ठेवा. तो तुमच्या गटाचा खरा आकडा. अथेन्सच्या हिशेबात तो जसाच्या तसा घालायचा. अजिंठ्याला उशीर झाला तर चहा थंड होतो, पिरेयसला बोट जाते.

त्याच फेरीत उलटं चालायचीही सवय करा. सगळे पहिल्या लेण्यापासून सुरू करतात, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या लेण्याबाहेर चपलांचा ढीग आणि आत जाण्यासाठी खोळंबा. तुम्ही सरळ चालत सव्विसाव्या लेण्यापर्यंत जा, महापरिनिर्वाणातला बुद्ध निवांत बघा, आणि मग सतरा, सोळा, दोन, एक असे मागे या. दमणूक तेवढीच होते, पण शेवटच्या लेण्यांत तुम्हाला जागा मिळते आणि पहिल्या लेण्यांपाशी येईपर्यंत सकाळचा लोंढा पुढे सरकलेला असतो. हीच युक्ती अ‍ॅक्रोपोलिसवर चालते.

बुटांची परीक्षा घरीच घ्या. अंगणातल्या धुतलेल्या शहाबादी फरशीवर ते घालून चालून पाहा. पाय जरा जरी सरकला तर ते बूट घरीच ठेवायचे. साडी चालते, फक्त ती थोडी उंच नेसायची आणि खाली रबरी तळाचे बूट. उंच टाचांच्या चपलांना अ‍ॅक्रोपोलिसवर बंदीच आहे.

उन्हाचा गर्व नको

‘आम्ही ४५ डिग्रीतले, आम्हाला काय ऊन सांगता,’ हे वाक्य प्रत्येक गटात एक जण तरी म्हणतो. खरं आहे, भुसावळचा मे ज्याने काढला त्याला अथेन्सचा जुलै आकड्यांत मोठा वाटणार नाही. पण आपण भुसावळच्या मे महिन्यात दुपारी बारा वाजता काय करतो? पडदे ओढून, कूलर लावून घरात पडतो. तिथे त्याच वेळी तुम्ही झाड नसलेल्या पांढऱ्या खडकावर उभे असता, खालून दगड तापलेला, वरून ऊन, आणि सावली फक्त दुसऱ्याच्या टोपीची.

ग्रीसचं सरकारही हे हसण्यावारी नेत नाही. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही उन्हाळ्यांत उष्णतेची लाट आली तेव्हा अ‍ॅक्रोपोलिस दुपारचे काही तास बंद ठेवलं गेलं. जून ते ऑगस्टमध्ये जाणार असाल तर दुपारचं तिकीट त्याही कारणाने नको. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर मिळत असेल तर तोच धरा.

छत्रीचा मोह टाळा. वर वारा जोराचा असतो आणि गर्दीत छत्रीच्या काड्या दुसऱ्याच्या डोळ्यापाशी येतात. आपला सुती रुमाल सर्वांत उत्तम. भिजवायचा, पिळायचा, डोक्याला गुंडाळायचा. पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी, आणि जलसंजीवनीची दोन पाकिटं खिशात. मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत.

आदल्या रात्री बोटीवर

रोज संध्याकाळी खोलीत दुसऱ्या दिवसाचा कागद येतो किंवा बोटीच्या अ‍ॅपवर तो दिसतो. त्यावर दोन वेळा असतात. एक बोट सुटण्याची, दुसरी सगळ्यांनी बोटीवर परतण्याची. आपल्या कामाची ती दुसरी, बहुतेकदा सुटण्याच्या अर्धा तास आधीची. त्याच कागदावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो. प्रत्येकाने कागदाचा फोटो काढून ठेवायचा, फक्त गटप्रमुखाने नव्हे.

घड्याळाकडे नीट लक्ष द्या. ग्रीस इटलीच्या एक तास पुढे आहे. तुर्कस्तान वर्षभर एकच वेळ पाळतो, म्हणून उन्हाळ्यात तो ग्रीसबरोबर असतो आणि हिवाळ्यात एक तास पुढे जातो. मोबाइल किनाऱ्याचं नेटवर्क पकडून आपोआप वेळ बदलतो, बोट मात्र स्वतःच्या वेळेने चालते. दोन्ही बहुधा एकच असतात, पण नसतात त्या दिवशी घात होतो. साधं मनगटी घड्याळ बोटीच्या वेळेला लावा आणि त्याच्याकडेच पाहा. मोबाइल बोटीवर असेपर्यंत विमान मोडवर ठेवा, नाहीतर समुद्रातलं उपग्रहाचं नेटवर्क लागतं आणि बिल पाहून भोवळ येते.

आणखी एक काम रात्रीच उरकायचं. ग्रीस, इटली, तुर्कस्तान या तिन्ही देशांत प्राचीन स्थळांवर माहिती सांगण्याचा हक्क परवानाधारक स्थानिक गाईडलाच आहे. तुमचा मराठी टूर मॅनेजर वर उभं राहून तावातावाने सांगू लागला तर त्याला हटकतात. म्हणून जेवणानंतर सगळ्यांना एका टेबलाशी बसवून अर्ध्या तासात मराठीतून सांगून टाका. अ‍ॅक्रोपोलिसवरचं मुख्य मंदिर म्हणजे पार्थेनॉन. त्याचं काम इसवी सनपूर्व ४४७ मध्ये अथेन्सचा नेता पेरिक्लीस याच्या काळात सुरू झालं. आपल्या अजिंठ्यातली सर्वांत जुनी लेणी त्यानंतर अडीच-तीनशे वर्षांनी खोदली गेली. अथीना देवीचं हे मंदिर पुढे चर्च झालं, मग मशीद. १६८७ साली आत तुर्कांच्या दारूगोळ्याचा साठा असताना व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा येऊन पडला आणि मधला भाग उडाला. उरलेल्या शिल्पांतली पुष्कळशी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉर्ड एल्गिन या ब्रिटिश राजदूताने काढून नेली, ती आज लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. एवढं डोक्यात असलं की सकाळी मोडके खांब नुसते मोडके दिसत नाहीत.

दिवसाचा हिशेब, शेवटाकडून

समजा कागदावर लिहिलंय की बोट सहाला सुटणार, सगळे साडेपाचला आत. मग साडेचारला तुम्ही बंदराच्या दारात हवेत. त्यासाठी सव्वातीनला शहर सोडायचं. त्यासाठी जमायची वेळ पावणेतीन, कारण अजिंठ्याला मोजलेली ती मिनिटं इथे वजा होतात. आता सकाळ. सातला बोट लागली तरी कागदपत्रं होऊन दार उघडेपर्यंत साडेसात वाजतात. आधी सहलींचे गट सोडतात, मग मोकळे प्रवासी. सव्वाआठला रस्त्यावर आलात तर नऊचा तास हाताला लागतो. नऊ ते अकरा टेकडी, अकरा ते दीड संग्रहालय आणि जेवण, मग प्लाका या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून सावलीने थोडं भटकणं. बसं. या दिवसात तिसरं काही कोंबू नका. प्राचीन बाजार, ऑलिंपिक स्टेडियम, सैनिकांचं पहारा बदलणं, ही सगळी दुसऱ्या खेपेची कामं.

बोटीतून निघताना चारच गोष्टी तपासा: बोटीचं कार्ड, पासपोर्टची झेरॉक्स, तिकीट, थोडे सुटे युरो. मूळ पासपोर्ट काही बोटी स्वतःकडेच ठेवतात. तो त्या दिवशी लागतो का हे आदल्या रात्री स्वागतकक्षात विचारा. नाश्त्याच्या टेबलावरचं केळं आपल्या जळगावच्या केळ्यापुढे काही नाही, पण ते खिशात घालून खाली नेऊही नका. ताजी फळं, शिजवलेलं अन्न उतरवायला बऱ्याच बंदरांत मनाई असते. सीलबंद वेफर्सचं पाकीट चालतं.

बंदरातून टेकडीच्या पायथ्यापर्यंत

पिरेयस हे अवाढव्य बंदर आहे. बेटांच्या फेऱ्या वेगळ्या दारांनी सुटतात, क्रूझच्या बोटी वेगळ्या. बाहेर पडल्यावर मागे वळून आपल्या टर्मिनलच्या पाटीचा आणि गेट क्रमांकाचा फोटो काढा. संध्याकाळी टॅक्सीवाल्याला ‘मोठी पांढरी बोट’ सांगून उपयोग नाही. तिथे सगळ्याच मोठ्या आणि पांढऱ्या.

चार जणांना सकाळी टॅक्सी सर्वांत सुटसुटीत, भाडं वाटून घेतलं की खिशाला जड जात नाही. मेट्रोने जायचं तर पिरेयसहून हिरवी लाइन धरून थिसियो किंवा मोनास्तिराकीला उतरायचं, वीसेक मिनिटं. ऑक्टोबर २०२२ पासून विमानतळाची निळी लाइनही पिरेयसपर्यंत आली आहे. तिने सिंताग्माला जाऊन लाल लाइन बदलली की ‘अक्रोपोली’ स्टेशन, आणि तिथून दक्षिण दरवाजा हाकेच्या अंतरावर. तिकीट युरो-सव्वा युरोचं. हिरव्या लाइनवर खिसेकापू फार, म्हणून पाकीट पुढच्या खिशात आणि पर्स पोटाशी. मेट्रोचे संपही होतात, ते आदल्या दिवशी बातम्यांत पाहून घ्या.

टेकडीवर

दरवाजे दोन. पश्चिमेचा मुख्य, जिथे बसगाड्या माणसं सोडतात, आणि दक्षिणेचा, डायोनिसस देवाच्या नाट्यगृहाजवळचा. तुम्ही दक्षिणेने शिरा. रांग कमी आणि चढ हळूहळू. वाटेत ते जुनं नाट्यगृह लागतं, जिथे ग्रीक शोकांतिका पहिल्यांदा रंगल्या. स्वच्छतागृहाचं काम दरवाजाजवळच उरकून घ्या.

वर दोन्ही वाटा प्रोपिलियापाशी, म्हणजे महाद्वारापाशी, एकत्र येतात आणि खरी कोंडी तिथे. खालचा दगड अडीच हजार वर्षांच्या पावलांनी इतका गुळगुळीत झालाय की उन्हात ओला असल्यासारखा चकाकतो. घसरायला पाऊस लागत नाही. पूर्ण पाऊल टेकवायचं, टाच आधी टाकायची नाही, कठडा असेल तिथे तो धरायचा, आणि चालताना फोटो काढायचा नाही. वयस्कर माणसाच्या पुढे नव्हे, अर्धं पाऊल मागे आणि एका बाजूला राहा. पुढे राहून हात ओढला की दोघंही पडतात. वर गेल्यावर मध्यभागी काँक्रीटची करडी वाट केलेली आहे, ज्यांना दगडांवरून चालणं जमत नाही त्यांनी ती सोडू नये. चाकाच्या खुर्चीवरच्यांसाठी टेकडीच्या उत्तर बाजूने लिफ्ट आहे, पण त्याची विचारपूस आधी करून ठेवायला हवी. अजिंठ्यासारखी डोली तिथे मिळत नाही.

महाद्वारातून बाहेर आलं की पार्थेनॉन समोर उभं राहतं आणि सगळे तिथेच थबकून फोटो काढू लागतात. तुम्ही थांबू नका. गंमत अशी की समोर दिसते ती मंदिराची मागची बाजू. मूळ प्रवेश पूर्वेकडून होता. म्हणून सरळ चालत पूर्वेच्या टोकाला जा, जिथे ध्वज फडकतो. तिथून खालचं अथेन्स दिसतं, वळलं की मंदिराची खरी दर्शनी बाजू, आणि गर्दीही विरळ. अर्धा तास तिथे घालवून मग एरेक्थिऑन या दुसऱ्या मंदिराच्या बाजूने परत या. खांबांऐवजी डोक्यावर छत तोलणाऱ्या त्या सहा स्त्रिया तिथे आहेत. त्या नकला आहेत. मूळ पाच खाली संग्रहालयात आणि सहावी लंडनला.

पार्थेनॉनच्या आत जाता येत नाही, आणि जीर्णोद्धाराची क्रेन किंवा परांची कुठे ना कुठे दिसणारच. त्यावरून हिरमुसू नका. दगडांना हात लावला, त्यांवर बसलात की पहारेकऱ्याची शिट्टी वाजते. टूर कंपनीचा बॅनर उघडून गटाचा फोटो काढायची आपली आवड इथे आवरा, तोही बंद करायला लावतात. आणि भेटायची जागा ठरवताना ‘त्या खांबाजवळ’ असं कृपा करून सांगू नका. ध्वजाच्या चौथऱ्याशी, असं सांगा. चार-पाच जणांच्या तुकड्या करा, आणि हरवलेल्याला शोधायला एकट्याने मागे जायचं नाही, हा नियम पक्का ठेवा. एकदा बाहेर पडलं की त्याच तिकिटावर पुन्हा आत सोडत नाहीत.

दुपार

दक्षिण दरवाजासमोरच २००९ साली उघडलेलं अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालय आहे. तिकीट वेगळं. वातानुकूलित आहे, बसायला जागा आहे, आणि ऊन डोक्यावर असताना यापरता शहाणपणा नाही. पाय थकले असतील तर बाकी मजले सोडा, पण सर्वांत वरचा सोडू नका. पार्थेनॉनभोवतीचा शिल्पपट तिथे मूळ क्रमाने लावलाय. पिवळसर दगड मूळचा, पांढरा भाग लंडनला असलेल्या शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतींचा. काचेतून टेकडीवरचं मंदिर दिसत राहतं.

शाकाहारींची उपासमार होत नाही. रस्त्यावर तिळाची गोल ब्रेड मिळते, बेकरीत पालक आणि चीज भरलेली खुसखुशीत पाई. पालेभाजीचं काहीतरी म्हणून आत्याबाईंनाही चालते. तिखटाशिवाय घास उतरत नसेल तर शेंगदाण्याची कोरडी चटणी बोटीवर असू द्या, शहरात मिरीवर भागवा.

परतीला मोनास्तिराकीहून हिरव्या लाइनने पिरेयस हेच शेवटचं स्टेशन, त्यामुळे चुकीच्या जागी उतरायची भीती नाही. तिथून क्रूझच्या दारापर्यंत पायी चांगलीच रपेट होते. थकलेल्या गटाने स्टेशनबाहेर टॅक्सी करावी.

एफेसस आणि पॉम्पेईला काय बदलतं

एफेससला दोन दरवाजे आहेत, एक वर, एक खाली. वरून शिरून उतारावर चालत खाली निघायचं आणि व्हॅन खालच्या दाराशी बोलवायची. गंमत म्हणजे इथे गर्दीही त्याच दिशेने वाहते, तेव्हा उलटं चालून चढ चढत बसू नका. इथली युक्ती वेगळी आहे. वाटेत उतारावरची छप्पर घातलेली घरं आहेत, त्यांचं तिकीट वेगळं असल्याने बहुतेक गट ती टाळतात. तुम्ही ती घ्या. मोझेइक, भित्तिचित्रं, सावली, आणि तेवढ्यात बाहेरची एक लाट सेल्ससच्या ग्रंथालयापुढून निघून जाते. पायऱ्या मात्र भरपूर. हे शहर एके काळी बंदर होतं. नदीच्या गाळाने ते बुजलं आणि समुद्र दूर गेला, म्हणून तर आज बोट कुशादासीला लागते. व्हॅन ठरवतानाच ‘गालिच्याचं दुकान नको’ असं बजावून सांगा, नाहीतर तासभर चहा पाजून गालिचे उलगडत बसतात.

पॉम्पेईला नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २० हजारांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं, म्हणून ओळखपत्र जवळ हवं. नेपल्सहून लोकल गाडी ‘पॉम्पेई स्काव्ही’ला पाऊणएक तासात आणते. शहर इतकं पसरलेलं आहे की सगळं पाहायचं ठरवलं तर काहीच धड होत नाही. चौक, एक मोठं घर, एक स्नानगृह, एक नाट्यगृह, एवढं पुरे. पिण्याच्या पाण्याचे नळ जागोजागी आहेत. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो. त्या दिवशी जाऊ नये.

बोट चुकलीच तर

धावत धक्क्यावर जाऊन हात हलवण्यात वेळ घालवू नका. कागदाच्या फोटोतल्या एजंटला फोन करा. बोटीवर तुमचं कार्ड परतल्याची नोंद नसते, त्यामुळे सुटण्याआधी बऱ्याचदा खोलीतून पासपोर्ट काढून एजंटकडे देतात. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च तुमचा, म्हणून बँकेचं कार्ड कधीही खोलीत ठेवून उतरू नये. पुढचं बंदर तुर्कस्तानात असेल तर विमानाने गेल्यावर व्हिसा लागतोच. बोटीने उतरणाऱ्यांना मिळणारी सूट तिथे लागू होत नाही. तसा व्हिसा नसेल तर ते बंदर सोडून द्या, आणि त्यानंतरच्या ग्रीक किंवा इटालियन बंदरात बोट गाठायचं तिकीट काढा. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, आणि टॅक्सीपासून हॉटेलपर्यंतच्या सगळ्या पावत्या जपून ठेवा.